सावंतवाडीच्या गंजिफा आणि आम्ही तिघं

सावंतवाडी म्हटलं की बहुतेकांना आठवतात ती लाकडी फळं. परडीत रचलेले आंबे, केळी, सीताफळं, वांगी. लांबून पाहिलं तर खरीच वाटावीत. कोकणातल्या किती तरी घरांच्या शोकेसमध्ये ती दिसतात. याच गावात आणखी एक वस्तू तयार होते आणि तिची ओळख मात्र कमी लोकांना आहे. ती म्हणजे गंजिफा. गोल, लाख लावलेली, हाताने रंगवलेली खेळायची पानं. आजचे चौकोनी पत्ते आपल्याकडे येण्याआधी राजवाड्यांत आणि वाड्यांत जो खेळ चालायचा, तो याच पानांवर.

मला खेळांचा शौक लहानपणापासून. पैशांचा नव्हे, बसण्याचा. कॅरम, बुद्धिबळ, सापशिडी, पत्त्यांतले झब्बू, बदाम सात, मेंढीकोट, सगळं खेळून झालं. रत्नागिरीत आमची बैठक रविवारी इशाच्या नमाजनंतर बसते. पूर्वी सहा-सात जण असायचे. कोणी आखातात गेलं, कोणी मुलाकडे मुंब्र्याला राहायला गेलं, आणि शेवटी उरलो आम्ही दोघं: मी आणि शेजारच्या आळीतले एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही म्हणतो. दोघांत बुद्धिबळ होतं, पण पत्त्यांचा डाव काही रंगत नाही.

तिसरा गडी आला तो माझा भाचा. आणि तो ज्या कारणाने आला, ते सांगितल्याशिवाय या प्रवासाला अर्थ नाही.

भाचा बावीस वर्षांचा. दुकानात नोकरी. मोबाईलवर रमी खेळता खेळता त्याने तीन महिन्यांचा पगार घालवला. आपाला कळलं तेव्हा घरात दोन दिवस चूल पेटली नाही असंच म्हणायला हवं. तिने रागाच्या भरात घरातले पत्ते फाडून टाकले आणि मलाही बोलली, "तुझ्या बैठकीत बसून बसूनच त्याच्या हाताला पत्त्यांची सवय लागली." पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण आमच्या घरातला प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता. मुलगा गप्प झाला होता. संध्याकाळी कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा.

गुरुजी एकदा म्हणाले, "भाई, त्याला खेळापासून तोडून चालणार नाही. त्याला खेळ म्हणजे काय ते दाखवायला हवं. सावंतवाडीला जाऊ. मला त्या गंजिफा एकदा हातात धरून पाहायच्या आहेत. आणि तो खेळ तिघांचाच आहे."

आपाला मी साफ सांगितलं की पैशाचा प्रश्नच नाही, एक पैसासुद्धा लागणार नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी सोबत आहेत ना? मग ने."

रत्नागिरीहून दुपारची मांडवी एक्स्प्रेस पकडली. खिडकीबाहेर बोगदे, दऱ्या आणि मधूनच दिसणारी कौलारू घरं. गाडीत बसल्यावर गुरुजींनी पिशवीतून पत्ते काढले आणि आम्ही पाच-तीन-दोन मांडला. वाचकांतल्या पुष्कळांना हा खेळ येत असेल. अठ्ठी आणि तिच्या वरची सगळी पानं आणि दोन सत्त्या, अशी ३० पानं. तिघांना दहा-दहा. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन. हुकूम बोलायचा तो पाचवाल्याने. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात पानं ओढायची. भाचा सुरुवातीला नुसता पानं टाकत होता. कणकवली गेलं, सिंधुदुर्ग गेलं, तोवर तो गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघायला लागला होता. कुडाळच्या आसपास गुरुजींनी एक्का दाबून ठेवला आहे हे त्याने ओळखलं आणि त्यांचा पाचवा हात मारला. गुरुजी खो खो हसले. समोरच्या बाकावरच्या बाईंचं लहान पोरही उगाच हसलं.

सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून बरंच बाहेर आहे. रिक्षाने गावात शिरलो की पहिलं दर्शन होतं मोती तलावाचं. गावाच्या मध्यभागी एवढं मोठं पाणी, काठाने रस्ता, आणि पलीकडे झाडांत राजवाडा. अस्रची नमाज आटोपून आम्ही तलावाकाठी बसलो. लोक फेऱ्या मारत होते, भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. भाच्याने विचारलं, "मामू, राजे लोक पत्ते खेळायचे?"

खेळायचे, आणि आवडीने खेळायचे. बाबर बादशाहच्या आत्मचरित्रात १५२७ सालची एक नोंद आहे. सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाची फार आवड होती आणि त्याने त्या मागितल्या होत्या, म्हणून बाबराने त्याच्याकडे गंजिफा पाठवल्या. हिंदुस्थानातल्या गंजिफाची ही सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाची सविस्तर माहिती लिहिली. त्यात बारा रंगांचा, म्हणजे १४४ पानांचा संच आहे, आणि आठ रंगांचाही आहे. ‘रंग’ म्हणजे आपण पत्त्यांत इस्पिक, बदाम म्हणतो ते.

आठ रंगांच्या गंजिफात ९६ पानं. प्रत्येक रंगात एक मीर म्हणजे राजा, एक वजीर, आणि एक ते दहा आकड्यांची पानं. रंगांची नावं मी भाच्याला तलावाकाठीच सांगितली. ताज, म्हणजे मुकुट. सफेद, म्हणजे चांदीचं नाणं. शमशेर, तलवार. गुलाम, सेवक. चंग, तारांचं एक वाद्य. सुर्ख, म्हणजे सोन्याचं नाणं. बरात, म्हणजे सरकारी हुकूमपत्र. आणि किमाश, म्हणजे कापड, माल. ऐकता ऐकता तो म्हणाला, "यातले अर्धे शब्द तर दादीच्या तोंडात असतात." खरंच आहे. सुर्ख जोडा, सफेद कुर्ता आपण आजही म्हणतो. इतक्या जुन्या खेळाची भाषा आपल्या घरात अजून नांदते आहे, हे मलाही त्या क्षणी नव्याने जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात गेलो. तिकीट काढून आत जाता येतं. दरबार हॉल पाहण्यासारखा आहे, पण आमचे पाय थांबले ते कारागिरांपाशी. बैठ्या मेजांवर वाकून काही जण पानं रंगवत होते. एका ताईंच्या हातात इतका बारीक कुंचला होता की त्याला चार केस तरी असतील की नाही असं वाटावं. गोल पानावर घोड्यावर बसलेला वजीर उतरत होता. त्या घोड्याच्या डोळ्याचा ठिपका देईपर्यंत आम्ही तिघांनीही श्वास धरून ठेवला होता.

ताईंनी आम्हाला कृती समजावून सांगितली. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे. त्यावर खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, मग गोल चकत्या कापायच्या, रंगवायच्या आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. लाखेमुळे पान कडक होतं, घामाने खराब होत नाही आणि वाटताना हातातून सरकतं. हल्ली बहुतेक कागदावर काम होतं. श्रीमंतांच्या गंजिफा हस्तिदंताच्या आणि कासवाच्या पाठीच्याही असत. त्यांना ‘दरबार कलम’ म्हणत, आणि सामान्य माणसाच्या साध्या पानांना ‘बाजार कलम’.

इथे सर्वांत जास्त होतात त्या दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, १२० पानं. दरबारातून निघालेला खेळ देशभर पसरला तेव्हा ठिकठिकाणच्या चिताऱ्यांनी त्यात आपापली चित्रं घातली. बंगालमधल्या बिष्णुपूरला एक तऱ्हा, ओडिशात दुसरी, मैसूरला तिसरी. मराठी मुलखात मत्स्य, कूर्म, वराह आले. पण आठ रंगांचा जुना प्रकारही इथे राहिला आणि त्याला ‘चंगकांचनी’ असं नाव पडलं. एकाच मेजावर एक कारागीर रामाचं पान रंगवतो आणि शेजारी बरात नि किमाशची पानं वाळत पडलेली असतात. गुरुजी ते बराच वेळ पाहत उभे होते.

ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गावात गंजिफा करणारे एकच जाणते कारागीर उरले होते, पुंडलिक चितारी. तेही अगदी वृद्ध. तेव्हाचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना राजवाड्यात बोलावलं. राणीसाहेब स्वतः त्यांच्याकडून काम शिकल्या, गावातल्या तरुणांना शिकायला बसवलं आणि दरबार हॉलमध्येच कारखाना सुरू केला. २०१८ मध्ये सत्त्वशीलादेवींचं निधन झालं, पण काम थांबलेलं नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात उरलेली विद्या वेळेवर कोणीतरी शिकून घेतली, म्हणून आज ती ताई आमच्यासमोर घोड्याचा डोळा काढत होती.

गुरुजींनी तिला विचारलं, "घेणारे लोक खेळतात का हो या पानांनी?"

ती हसली. "नाही हो काका. फ्रेम करून लावतात. कोणी भेट द्यायला नेतात. खेळायचं म्हणून घेणारं माणूस क्वचितच येतं."

भाचा मध्येच म्हणाला, "पण तुम्हाला खेळता येतो?"

ताई म्हणाली, "ऐकून माहीत आहे. बसून खेळायला तीन माणसं आणि तेवढा वेळ कुठं मिळतो?"

कला वाचली आणि खेळ मागे राहिला. ओडिशातल्या काही गावांत जुनी माणसं अजून गंजिफा खेळतात, पण आपल्याकडे पानं भिंतीवर गेली. काचेमागच्या वजिराला कोणी हात लावत नाही, त्याला कोणी मारत नाही आणि तोही कोणाला मारत नाही.

हाताने रंगवलेल्या पूर्ण संचाची किंमत हजारांत जाते, आणि ती मेहनत पाहिल्यावर जास्त वाटत नाही. पण आमच्या खिशाला ती त्या दिवशी परवडणारी नव्हती. राजवाड्यातून बाहेर पडून आम्ही चितार आळीत गेलो. आपासाठी लाकडी आंबे घेतले. मग भाचा एका स्टेशनरीच्या दुकानात शिरला आणि जाड पुठ्ठ्याचे ताव, कात्री आणि स्केचपेनांची पाकीटं घेऊन बाहेर आला. "मामू, आपण करू."

संध्याकाळभर लॉजच्या खोलीत तेच चाललं होतं. स्टीलच्या पेल्याचं तोंड पुठ्ठ्यावर ठेवून त्याने ९६ वर्तुळं आखली. गुरुजींनी कापली. मी खुणा काढल्या: ताजसाठी मुकुट, शमशेरला तलवार, बरातला गुंडाळलेला कागद, सफेद आणि सुर्खला नुसते पांढरे आणि पिवळे गोल. मीर आणि वजिराची चित्रं काढायच्या भानगडीत पडलो नाही. ‘मी’ आणि ‘व’ लिहिलं. मगरीबला उठलो, इशाला उठलो. दहाच्या सुमारास संच तयार झाला.

खेळाचे नियम गुरुजींनी वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांतून वहीत उतरवून आणले होते. ते थोडक्यात सांगतो. तिघांना ३२-३२ पानं, चार-चार करून वाटायची, उजवीकडच्या गड्यापासून उलट्या फेऱ्याने. दिवसा खेळत असाल तर सुर्खचा मीर ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची. रात्री खेळत असाल तर सफेदच्या मीराने. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची. मीराबरोबर एक हलकं पानही उतरायचं आणि बाकीच्या दोघांनी दोन-दोन निकामी पानं टाकायची. वजिराचा मान सगळीकडे मीरानंतर. पण आकड्यांची गंमत अशी की ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, तर चंग, सुर्ख, बरात आणि किमाशमध्ये उलट, एक्का मोठा आणि दश्शी लहान. आपल्या पत्त्यांसारखा एका रंगाचा हुकूम इथे नसतो. ज्या रंगातली वरची सगळी पानं येऊन गेली, त्यातलं उरलेलं सर्वांत मोठं पान म्हणजे हुकूम. म्हणजे काय काय येऊन गेलं हे लक्षात ठेवणं, हाच सगळा खेळ.

रात्र होती, म्हणून सफेदने सुरुवात झाली. पहिला तासभर आम्ही तिघंही गोंधळलो. "शमशेरची नववी आली होती का?" "किमाशमध्ये एक्का मोठा की लहान?" गुरुजी पुन्हा पुन्हा वही बघत होते. आणि मग भाच्याने जी पानं टाकायला सुरुवात केली, ती आम्ही बघतच राहिलो. त्याला सगळं आठवत होतं. कोणतं पान कोणी, कधी टाकलं, कोणी टाकताना विचार केला आणि कोणी चटकन टाकलं. बरातची तिरी त्याने हुकूम म्हणून उतरवली तेव्हा आम्हाला दोघांनाही वाटलं की दुर्री अजून बाहेर आहे. ती नव्हती. ती तासाभरापूर्वी मीच टाकलेली होती.

डाव संपायला अडीच तास लागले. दिवा मालवल्यावर अंधारात भाचा आपणहून बोलायला लागला. म्हणाला, मोबाईलवर एक डाव दोन मिनिटांत संपायचा. समोर फक्त एक नाव असायचं, माणूस दिसायचा नाही. हरलो की वाटायचं, आणखी एक डाव, म्हणजे गेलेले पैसे येतील. पान कसलं आलं यापेक्षा पैसे किती उरले याकडेच लक्ष असायचं. "आज कोण जिंकलं ते आपण मोजलंच नाही, मामू."

मी काही उपदेश केला नाही. पण मनात कुराणातल्या सूरह माइदाच्या ९० आणि ९१ या आयती आल्या. तिथे शराब आणि जुगार यांपासून दूर राहायला सांगताना कारणही दिलं आहे: सैतान त्यातून तुमच्यात दुश्मनी आणि द्वेष पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून नि नमाजपासून तुम्हाला रोखतो. आमच्या घरात पैशाच्या रमीने नेमकं हेच केलं होतं. आई-मुलाचं बोलणं तुटलं, मुलाची नमाज सुटली. पत्ते, बुद्धिबळ यांबद्दल उलेमांची मतं एकसारखी नाहीत. काही जण पैसे नसले तरी मनाई करतात. आम्हा कोकणी मुसलमानांच्या शाफई मसलकात बुद्धिबळ नापसंत मानलं आहे, पण पैसा नसेल आणि नमाज चुकत नसेल तर त्याला हराम म्हटलेलं नाही. ज्याने त्याने आपल्या जाणत्या आलिमांना विचारून चालावं. आमच्या बैठकीचे नियम पहिल्यापासून दोनच: मध्ये पैसा नाही आणि अजान झाली की पानं खाली.

परतीच्या गाडीत दिवस होता, म्हणून सुर्खच्या मीराने डाव सुरू झाला. पुठ्ठ्याची पानं पाहून डब्यातली दोन कॉलेजची मुलं जवळ येऊन बसली. हे काय, म्हणून विचारू लागली. त्यांना आठही रंगांची नावं भाच्याने शिकवली.

आता रविवारी आमची बैठक पुन्हा भरते. गुरुजी, भाचा आणि मी. कधी कधी आपा चहा घेऊन येते आणि दारात उभी राहून बघते. परवा तिने गुरुजींच्या खांद्यावरून त्यांची पानं पाहिली आणि नजरेनेच मुलाला काहीतरी सांगितलं. गुरुजी रागावले, तर ती म्हणाली, "मी कुठं खेळतेय?" भाचा महिन्याला थोडे थोडे पैसे आपाकडे जमा करतो. पहिलं कर्ज फिटत आलं आहे. ते फिटलं की इन्शाअल्लाह सावंतवाडीला पुन्हा जाऊन चंगकांचनीचा खरा संच आणायचा, असं ठरलं आहे.

तुम्ही गोव्याकडे जाता-येता सावंतवाडीवरून जाणारच असाल. एक दिवस तिथे काढा. सकाळी राजवाडा पाहा, कारागिरांशी बोला. दुपारी चितार आळीत फिरा आणि संध्याकाळी तलावाकाठी बसा. परवडत असेल तर संच विकत घ्या. त्याने एका कारागिराच्या घरात चार पैसे जातील. पण घेतलात तर काचेत लावू नका. आणि नसेल परवडत तर पुठ्ठा, कात्री आणि स्टीलचा पेला घरात असतोच. फक्त तिसरा माणूस शोधा. तो शोधायला फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा आपल्याच घरात, कुठल्या तरी खोलीत, मोबाईल घेऊन एकटा बसलेला असतो.